नाल्याखालच्या घाटावरचं पाणी

अण्णा,

तुझ्या सांगलीच्या घरी भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणत होता, "फार शांत स्वभावाचा माणूस गेला." मी वहिनींच्या शेजारी बसून ऐकत होते. पहिल्यांदा मान हलवली. पुढं पुढं मला हसू आवरेना, म्हणून उठून स्वयंपाकघरात गेले आणि तिथं रडले. शांत! तुझ्यासारखा हट्टी माणूस साऱ्या कृष्णाकाठाला शोधून सापडला नसता. आवाज चढवायचा नाहीस एवढंच. पण एकदा 'नाही' म्हणालास की ते 'नाही' हलवायला कुणाच्या बापाला जमत नव्हतं. माझ्या तर नाहीच, कारण तो तुझाही बाप होता.

सुतक फिटलं आणि मी सासरी परत आले. कारखान्याचं गाळप जोरात चालू आहे. रस्त्याला उसाच्या गाड्यांची रांग लागलेली आहे आणि बैलांच्या घुंगरांशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. घरात सगळे तुझ्याबद्दल हळू आवाजात बोलतात. मला हळू बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसले. आपलं भांडण अर्धं राहिलंय. ते असं अर्धं टाकून जायचं तुला काही कारण नव्हतं.

आधी आपल्या आईची, अव्वाची आठवण काढते. आपल्या अव्वाच्या घरात गाळल्याशिवाय पाण्याचा थेंब कुणाच्या तोंडात गेला नाही. ते तर सगळ्याच जैनांच्या घरात असतं. पण अव्वाचा खरा कटाक्ष गाळल्यानंतरचा. घागरीवरचं दुपदरी फडकं काढायचं, उलटं करायचं, आणि ज्या पाण्यातून ते पाणी शेंदलं त्याच पाण्यात धुऊन सोडायचं. फडक्यावर राहिलेले बारीक वळवळणारे जीव त्यांच्या त्यांच्या घरी परत गेले पाहिजेत. विहिरीतले विहिरीत, नदीतले नदीत. एकदा तू विहिरीचं फडकं घाईघाईनं नदीत झाडून आलास, तर तिनं तुला दिवसभर बोलून बोलून हैराण केलं होतं. "त्येंची आय त्येंला आता विहिरीत हुडकत आसल की रं!" म्हणाली होती. तू रडकुंडीला आलास. मी मात्र पोट धरून हसत होते. पुढं तू कॉलेजात रसायनशास्त्र शिकलास, मोठमोठी पुस्तकं वाचलीस, पण मला वाटतं तुझी खरी नोकरी त्या दिवशीच सुरू झाली.

सरकारनं नद्यांच्या पाण्यासाठी कायदा केला, नवं खातं काढलं आणि तू त्यात लागलास, तेव्हा माझ्या सासरी केवढी चेष्टा झाली! चोरावर इन्स्पेक्टर असतो, दारूवर असतो, पाण्यावर इन्स्पेक्टर असतो हे कुणी ऐकलंच नव्हतं. आमच्या दारात बसून एक पाहुणे तुझ्या दाजींना म्हणाले, "तुमचं मेव्हणं नदीला बेड्या घालनार व्हय?" सगळे हसले. तूही हसलास. म्हणालास, "न्हाई मामा, नदीला पडल्यात त्या काढाय आलोय."

तुला काम करताना मी पहिल्यांदा पाहिलं ते कऱ्हाडला, संगमावर. आपण लग्नाला गेलो होतो आणि तू अंगावरच्या चांगल्या कपड्यांनिशी गुडघाभर पाण्यात उतरलास. वहिनी काठावरून कपाळाला हात लावून बघत होत्या. बाटली आधी त्याच पाण्यानं विसळलीस, तोंड वरच्या अंगाला धरून बुडवलीस, बुडबुडा राहू न देता बूच बसवलंस. मग पिशवीतून दोन औषधं काढून थोडी थोडी आत सोडलीस. पाण्यात तपकिरी गाळ धरला. तू बाटली उन्हात धरून मला दाखवलीस आणि म्हणालास, "सुमे, हे बघ. नदी श्वास घेतीय." पाण्यात हवा असली तर गाळ तपकिरी दिसतो आणि नसली तर पांढराफटक राहतो, हे तू मला तिथंच समजावलंस. लग्नघरी आपण उशिरा पोचलो, तुझ्या धोतराला चिखल होता, आणि वरमाईपेक्षा तुझाच चेहरा जास्त खुललेला होता.

आता भांडणाकडे येते.

माझं सासर कारखान्याच्या शेजारी आणि माझं माहेर त्याच नदीवर खाली, सांगलीच्या अलीकडं. कारखान्याचा नाला आमच्या गावाखाली नदीला मिळतो. म्हणजे इकडं जे सोडलं जायचं ते काही दिवसांनी अव्वाच्या घागरीत पोचायचं. गाळपाच्या दिवसांत माहेरी गेलं की पाणी चहासारखं दिसायचं आणि कुजलेल्या गुळाचा वास यायचा. एका वर्षी मासे पोट वर करून घाटाला लागले. अव्वा तीन पायऱ्या उतरली आणि तिथूनच परत फिरली, त्या दिवशी ती जेवली नाही.

पण कारखानाही आमचाच होता, अण्णा. तू त्याला नेहमी 'कारखाना' म्हणायचास, मी 'आमचा कारखाना' म्हणायची, आणि सगळा वाद त्या एका शब्दात होता असं नाही, पण बराचसा होता. तुझ्या दाजींनी गावोगाव सायकलवर हिंडून शेअर गोळा केले होते. कारखाना आला म्हणून आमच्याकडं पक्की सडक आली, दवाखाना आला, हायस्कूल आलं. माझ्या नणंदा सातवीवर थांबल्या, माझ्या मुली मॅट्रिक झाल्या. हे मी तुला सांगायची, तेव्हा तू सगळं ऐकून घ्यायचास आणि म्हणायचास, "मी कुठं बंद करा म्हणतोय? नाल्यावाटे काय सोडता तेवढं बघा म्हणतोय." असं समजुतीनं बोललास की मला जास्तच राग यायचा. भांडणाऱ्या माणसानं नीट भांडावं तरी!

आणि मग तो बाटल्यांचा दिवस. आठवला की मला अजून एका डोळ्यात हसू आणि एका डोळ्यात पाणी येतं.

तू सरकारी कामावर आला होतास. नमुना घ्यायचा तो कारखान्याच्या माणसांसमोर, आणि बाटलीला लाख लावून मोहर करायची ती पण त्यांच्यासमोर, असा तुझा कायदा. तुझे दाजी संचालक, म्हणून तेही हजर. नाल्याखालच्या घाटावर तू बाटल्या भरल्यास, पण वाऱ्यानं मेणबत्ती टिकेना. म्हणून सगळे आमच्या सोप्यात आलात. बाटल्या कट्ट्यावर ठेवून तू पाय धुवायला परसात गेलास, बाकीचे मोहरेचं सामान मांडत बसले. तेवढ्यात माझ्या सासूबाई, आत्ती, बाहेर आल्या. सुनेचा भाऊ उन्हातून आलेला, आणि जवळ पिण्यासाठी असलं गढूळ, बिनगाळलेलं पाणी! त्यांना काय वाटलं असेल ते वाटलं. तू परत येईपर्यंत त्यांनी सगळ्या बाटल्या आत नेऊन फडक्यातून गाळल्या, बाटल्या राखेनं लख्ख घासल्या आणि पाणी पुन्हा भरून आणून ठेवल्या.

"आवं पाव्हणं, जैनाचं लेकरू तुमी, आन् असलं पानी पिताय व्हय? धरा, गाळून दिलंय," असं म्हणून त्यांनी बाटली तुझ्या हातात दिली.

कारखान्याची माणसं गदागदा हसायला लागली. सरकारचा पुरावा माझ्या सासूनं चुलीपुढं गाळून टाकला होता! तुझे दाजी खाली बघून मिशीत हसत होते. मला वाटलं, आता हा चिडणार. तू बाटलीकडं बघितलंस, आत्तींकडं बघितलंस आणि म्हणालास, "आत्ती, फडकं कुठाय?"

"ते काय हातात. आता घाटाव जाऊन सोडून येते की. तितलं तितंच सोडाय पायजे."

"चला, मी येतो."

म्हणून सगळी वरात पुन्हा घाटावर. आत्तींनी नेहमीसारखं फडकं उलटं करून तळहातावर पसरलं, पाण्यात धरायच्या आधी बघितलं, आणि थांबल्या. डोळ्यांजवळ नेलं. मला हाक मारली. मी बघितलं. तांबूस चिकट थर होता, पण त्यात हलणारं काही नव्हतं. एक जीव नाही.

"सुमन, ह्यात सोडायला कायबी न्हाई गं," त्या म्हणाल्या. असं त्यांनी उभ्या आयुष्यात बघितलं नव्हतं. त्यांचं पाणी कारखाना झाल्यापासून नाल्याच्या वरच्या घाटावरून येत होतं, इथं त्या उतरतच नव्हत्या.

तू म्हणालास, "आत्ती, मी ह्योच रिपोर्ट लिवाय आलोय." मग तेच फडकं स्वच्छ धुऊन घेतलंस, सगळ्यांना वरच्या घाटावर चालवत नेलंस आणि तिथली घागर गाळायला लावलीस. तिथं फडक्यावर नेहमीची वळवळ होती. आत्तींनी ती अलगद पाण्यात सोडली आणि कुणाकडं न बघता घरी निघून आल्या. तू खाली जाऊन सगळ्या बाटल्या पुन्हा पहिल्यापासून भरल्यास. ह्या वेळी कुणी हसत नव्हतं. औषधं टाकल्यावर गाळ पांढराच राहिला.

तुझी हीच गोष्ट मला आवडायची, अण्णा, आणि तोंडावर कधी सांगितली नाही. दुसरा कुणी असता तर आत्तींवर खेकसला असता, नाहीतर त्या चुकीचं निमित्त करून मेव्हण्याला सोडून दिलं असतं. तू दोन्ही केलं नाहीस. तू त्यांची चूक हातात घेतलीस आणि तिच्यातूनच सगळ्यांना दाखवलंस.

दाजींनी संचालकांच्या बैठकीत विषय काढला. बाकीचे म्हणाले, ऊस शेतात उभा आहे, तो आधी गाळू, नाल्याचं पुढच्या साली बघू. तुझ्या खात्याची नोटीस आली. त्यावरही 'बघू'. मग खटला झाला. कागदावर कारखान्याच्या कारभाऱ्यांची नावं होती, त्यात तुझ्या दाजींचं होतं आणि खाली तुझी सही होती. माझ्या सासरच्या घरात त्या दिवशी कुणी माझ्याशी बोललं नाही, आणि गंमत म्हणजे बोलले ते फक्त तुझे दाजी. म्हणाले, "त्येनं सही केली न्हाई तर कोन करनार? चा टाक."

हे सगळं मी पचवलं. पण भाऊबीज पचवली नाही.

त्या दिवाळीला तू आलास. साडी आणलीस, पाटावर बसलास, मी ओवाळलं. पुरणपोळ्या केल्या होत्या, ताट वाढून आणलं, तर तू उठून उभा. "सुमे, खटला चाललाय. निकाल लागेस्तोवर या घरचं पाणीसुद्धा घेता येत न्हाई मला."

"खटला माझ्यावर हाय का?"

"दाजींवर हाय."

"मग दाजींना वाढत न्हाई. तू जेव."

तू हसलास, पण बसला नाहीस. सूर्य मावळल्यावर तू जेवत नाहीस आणि तुझी एसटी दिवस बुडाल्याशिवाय सांगलीला पोचत नाही, हे तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. म्हणजे भाऊबीजेच्या दिवशी तू माझ्या दारातून उपाशी गेलास आणि उपाशीच झोपलास. मी ताट झाकून ठेवलं आणि मीही जेवले नाही. वहिनींनी मागच्या आठवड्यात मला सांगितलं की त्या रात्री तू म्हणालास, "सुमी पण जेवली नसंल." एवढं कळत होतं तर बसायचं ना रे!

अजूनही माझं म्हणणं तेच आहे. एका पुरणपोळीनं तुझा कायदा बाटला नसता. तू गेलास म्हणून मी हे मागं घेणार नाही. पण मी हेही बघितलं की त्या दिवसानंतर गावात तुझ्या सहीबद्दल कुणी वाकडं बोललं नाही. जो माणूस बहिणीच्या घरचा लाडू खात नाही तो कारखान्याचा चहा कशाला पिईल, असं लोक आपापसात म्हणायचे. 'पाण्याचा इन्स्पेक्टर' म्हणून चेष्टा करणारे ते पाहुणे तुला 'साहेब' म्हणायला लागले.

आणि खटला घालून तू घरी बसला नाहीस. गाळप संपल्यावर उन्हाळ्यात रविवारी तू साध्या कपड्यात यायचास. काखेत तुझ्या खात्यानं मंजूर केलेला नकाशा असायचा आणि हातात दोरी. तू आणि दाजी कारखान्यामागच्या माळावर उन्हात हिंडायचात. गरम पाणी कुठं थंड करून परत वापरायचं, मळीचं पाणी कुठल्या तळ्यात साठवायचं, तिथून निवळून पुढच्या तळ्यात कसं जायचं, आणि शेवटी उसाला कुठल्या पाटानं द्यायचं. एक तळं बरोबर आमच्या शेताच्या तुकड्यात येत होतं. दाजी तो तुकडा एकदा चालून आले, मग त्यांनीच दोरीचं दुसरं टोक धरलं.

दुपारी मी माडीवरून बघायची. तू बांधावर बसून वहिनींनी दिलेला डबा उघडायचास. तुझे दाजी घरी येऊन जेवायचे सोडून माझ्याकडून भाकरी बांधून घ्यायचे आणि तुझ्या शेजारी जाऊन बसायचे. दोघं आपापल्या डब्यातलं आपापलं खायचात, घासभर चटणीची देवाणघेवाण नाही. दोन खुळी माणसं! मला संताप यायचा आणि त्याच वेळी वाटायचं की माझ्या नशिबात ही दोन माणसं आहेत, याहून काय मागायचं?

तळी झाली. पावसाळ्यात खटलाही मिटला. या भाऊबीजेला मी सकाळपासून चुलीपुढं होते. तू आलास, ओवाळून घेतलंस आणि मी ताट आणायच्या आधीच म्हणालास, "सुमे, अजून थोडं थांब."

"आता काय राहिलं? कोर्टानं सोडलं की!"

"कोर्टानं सोडलं, नदीनं कुठं सोडलंय? गाळप चालू होऊ दे. भर हंगामात नाल्याखालचं पाणी बघतो. ते पाणी चांगलं निघालं की येतो आणि पोटभर जेवतो. तवा तूच म्हनशील, आता पुरं कर."

"तुझं पोट हाय का प्रयोगशाळा?" मी म्हणाले. तू एवढ्या मोठ्यानं हसलास की आत्ती बाहेर आल्या. तेच मी ऐकलेलं तुझं शेवटचं हसणं. गाळप सुरू झालं आणि तू बाटल्या घेऊन यायच्या आधी ऑफिसातच छातीत दुखून कोसळलास.

नदी सगळी सुधारली असं मी म्हणत नाही. तू असतास तर मला म्हणूही दिलं नसतंस. गावोगावची गटारं येतात, वर खाली दुसरे कारखाने आहेत, कुपवाडला नवीन निघतायत. तुझ्या जागी कोण येईल, तो पाण्यात उतरेल की काठावरून बाटली भरेल, ठाऊक नाही. तू एकटा होतास असंही नाही, तुझ्या खात्यातले लोक घरी आले होते, चांगले वाटले. पण कपडे भिजवून घेणारा त्यांत कोण आहे, ते मला चेहऱ्यावरून कळलं नाही.

म्हणून आज मी स्वतःच गेले. दाजी म्हणाले, मी येतो. मी नको म्हटलं. आत्तींनी काही न विचारता त्यांचं फडकं दिलं, पण मी अव्वाचं घेतलं, माझ्या लग्नात तिनं दिलेलं. नाल्याखालच्या घाटावर उतरले. वरून बैलगाड्यांची घुंगरं आणि कारखान्याचा भोंगा ऐकू येत होता, म्हणजे गाळप चालूच होतं. पाण्याला अजून किंचित वास आहे, तुझ्यापासून लपवत नाही. तरी दोन बायका तिथं घागरी भरत होत्या. मी बाटलीसारखीच घागर आधी विसळली, तोंड वरच्या अंगाला धरलं, भरली. काठावर बसून पाणी गाळलं. मग फडकं उलटं केलं आणि तळहातावर पसरलं, पण लगेच बघायचं धैर्य होईना. शेवटी बघितलं.

फडक्यात जीव होते, अण्णा. फार नाही, पण होते. एक तर असा उड्या मारत होता की मला तुझी आठवण झाली. मी ते सगळे जिथले तिथं सोडले, एकही चुकीच्या पाण्यात टाकला नाही.

त्याच पाण्याचा स्वयंपाक केलाय. सूर्य मावळायला अजून वेळ आहे. तुझ्या दाजींनी तुझा पाट मांडलाय आणि त्याच्या शेजारी स्वतःचा, आज डबा नाही. तपासून झालं, अण्णा. मी वाढते, तू बस.

— सुमी